मधला राखाडी

"कोट कोणत्या रंगाचा करू, काका?" फोटोवाल्याने विचारलं, आणि रंगांच्या डब्यांत हात घालून आयुष्यभर पोट भरलेल्या त्या म्हाताऱ्याच्या तोंडून पटकन निघून गेलं, "मधला राखाडी." फोटोवाला हसला. "अहो, राखाडी तर दिसतोच आहे की! काळ्या-पांढऱ्या फोटोत दुसरं काय दिसणार? खरा कोणता होता, ते विचारतोय मी." कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोटो मोठा करून ठेवलेला होता. लग्नाच्या नोंदणी कचेरीच्या पायऱ्या, मागे उंच काळपट दार, दारासमोर लांब कोट घातलेली ती, आणि तिच्या शेजारी डोळे बारीक करून उभा असलेला एक हडकुळा तरुण, म्हणजे तो स्वतः. मुलीने नवं घर घेतलं होतं. आईबाबांच्या लग्नाचा हा एकुलता एक फोटो रंगवून दर्शनी भिंतीवर लावायचाच, असा तिचा हट्ट होता, आणि आज संध्याकाळी ती तो न्यायला येणार होती. त्याने पडद्याजवळ वाकून कोट पाहिला. "आठवत नसेल तर मी मरून रंग टाकतो," फोटोवाला समजुतीने म्हणाला, "मरून सगळ्यांना आवडतो." "थांबा," तो म्हणाला. इतक्या जोरात म्हणाला की मागे पासपोर्टच्या फोटोसाठी केस विंचरत बसलेली बाई दचकली. "संध्याकाळच्या आत सांगतो. तोवर हात लावू नका."

बाहेर येऊन तो कोपऱ्यावरच्या बाकावर बसला आणि त्याने कोट आठवायला घेतला. कोट सगळाच्या सगळा आठवत होता. मोठी गोल बटणं, वळवलेली रुंद कॉलर, खोल खिसे, एका खिशात कायम विसरलेली मोजपट्टी. कापडाला नव्या लोकरीचा वास होता आणि ती वळली की कोटाचा घेर तिच्यामागून थोडा उशिराने वळायचा. नव्हता तो फक्त रंग. त्याने मनातल्या मनात कोट निळा करून पाहिला. शोभला. हिरवा केला, तोही शोभला. तांबडा, विटकरी, मोरपंखी, जो चढवावा तो तिच्या अंगावर गुण्यागोविंदाने बसत होता, आणि त्याने नजर काढली की मुकाट्याने उतरून पुन्हा राखाडी होत होता. मग त्याला दुसऱ्या गोष्टी आठवून बघायची दुर्बुद्धी झाली. त्यांची पहिली खोली. राखाडी. तिचा शिवणाचा डबा, बाळंतपणात पांघरलेली रजई, सगळं राखाडी, कुठे फिकं, कुठे गडद. बायको जाऊन तिसरा हिवाळा चालू होता, आणि ती आता जिथे म्हणून उरली होती त्या एकाच जागी, म्हणजे त्याच्या डोक्यात, तिला रंग नव्हता. या बाईकडे आपण कधी नीट पाहिलं तरी होतं का, हा प्रश्न त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसला आणि उठेना.

डोळे अर्धे मिटायला त्याला वस्तादांनी शिकवलं होतं. तो दूरदर्शन केंद्रावर लागला तेव्हा वस्ताद तिथले मुख्य नेपथ्यकार होते, आणि शनिवारचा कार्यक्रम म्हणजे केंद्राचा जीव की प्राण. गाणी, नाच, नकला, जादूचे खेळ, कधी सायकलवर उभं राहून बासरी वाजवणारा माणूस, असं काय काय एकाच तासात, थेट, आणि प्रत्येकाला वेगळी भिंत हवी. सगळं घराघरांत दिसणार काळं-पांढरं. वस्तादांनी पहिल्याच दिवशी त्याला रंगवलेल्या फळ्यांच्या ढिगासमोर उभं केलं आणि म्हणाले, "यातला कोणता रंग आवडतो?" त्याने उत्साहाने एक आकाशी दाखवला. "विसरायचा. आपल्याकडे रंग नाहीत. फिका, मधला, गडद, आणि यांच्यामधली पोरंबाळं. बाकी सगळं डोळ्यांचे लाड. डोळे अर्धे मीट. आणखी मीट. आता कोणता आकाशी नि कोणता गुलाबी, सांग." सांगता येईना. "शाब्बास," वस्ताद म्हणाले. पांढरा रंग कॅमेऱ्याच्या डोळ्यात खुपायचा म्हणून पांढऱ्याच्या जागी पिवळट लावायचे, काळ्याच्या जागी कधी जांभळा तर कधी चक्क उरलासुरला डब्यातला गाळ. बाहेरून कुणी स्टुडिओ बघायला आलं की कपाळाला हात लावायचं. घरी ज्यांना राजवाडा दिसला होता त्यांना इथे पिस्ता रंगाच्या, कावीळ झाल्यासारख्या आणि शेणकट अशा फळ्या एकमेकींना टेकून उभ्या दिसायच्या, पाठीमागून नुसता लाकडाचा सांगाडा आणि खिळे. त्याला मात्र ते खटकेनासं झालं. वर्षभरात त्याची नजर इतकी तयार झाली की डोळे अर्धे मिटायचीही गरज उरली नाही. रस्त्यावरून चालताना माणसं फिकी नि गडद दिसू लागली. एकदा घरमालकाने दाराला रंग दिला आणि कौतुकाने विचारलं, "कसा वाटतो?" तर हा म्हणाला, "भिंतीत मिसळतोय." घरमालकाने दाराला शेंदरी रंग दिलेला होता. तेव्हापासून केंद्रावर त्याचं नाव भिंतवाले पडलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

ती कपडेपटात शिवणकाम करायची. त्यांची ओळख झाली ती एका फजितीतून, आणि ती फजिती फक्त त्यांच्याच धंद्यात होऊ शकली असती. वस्ताद आजारी होते आणि त्याच्याकडे पहिल्यांदाच अख्खा शनिवार आला होता. त्याने नाचासाठी राजवाड्याची एक हिरवी भिंत केली. नाचणारी पिवळ्या झग्यात येणार होती, हिरव्यावर पिवळा झगमगून उठला असता, फिक्याखाली मधला, हिशेब चोख. पण ऐन वेळी पिवळा झगा काखेत उसवला, आणि कपडेपटातल्या या नव्या मुलीने धावतपळत नाचणारीला लाल झगा चढवला. स्टुडिओत हिरव्या भिंतीसमोर लाल झगा घालून ती बाई गिरकी घ्यायला लागली तेव्हा कॅमेरामनसुद्धा क्षणभर यंत्रातून डोळा काढून बघत राहिला, इतकं ते सुंदर होतं. आणि पडद्यावर बाईच नव्हती. त्या लालाची आणि त्या हिरव्याची राखाडी छटा एकच निघाली होती. राजवाड्याच्या भिंतीवर एक चेहरा, दोन हात आणि दोन बूट तेवढे आनंदाने नाचत होते. वरच्या खोलीत निर्मात्यांनी आरडाओरडा करून केंद्र डोक्यावर घेतलं. कार्यक्रम संपल्यावर दोघांनाही त्यांच्यासमोर उभं केलं गेलं. त्याची बोबडी वळली होती. ती मात्र मान वर करून म्हणाली, "पण साहेब, दिसत किती छान होतं!" निर्माते तोंड उघडणार तेवढ्यात फोन वाजायला लागले. लोकांना तो जादूचा खेळ वाटला होता. कुणाला तो पुढच्या शनिवारी पुन्हा हवा होता, कुणाला युक्ती विचारायची होती. त्यामुळे दोघांची नोकरी वाचली आणि नाचणारीने मात्र दोघांशी जन्माचा अबोला धरला.

त्या दिवसापासून ती त्याच्या भिंतींच्या मागे येऊन बसू लागली. पुढे तालीम चालायची आणि मागे, जिथे कॅमेरा कधीच येणार नव्हता तिथे, ठोकळ्यांवर बसून ती बटणं टाचायची आणि त्याला चहा द्यायची. "आजची भिंत कोणत्या रंगाची आहे, सांगा बरं," ती विचारायची. "मधला, थोडा फिक्याकडे झुकणारा." "रंग, रंग विचारतेय मी. कोवळ्या पोपटी रंगाची आहे हो, कैरीच्या सालीसारखी. तुम्हीच लावलात की!" मग ती त्याला रंग ओळखायला शिकवायची, लहान मुलाला अक्षरं शिकवावीत तशी, आणि तो बघायचा तिच्याकडे. बघायचा म्हणजे काय करायचा, हे आता बाकावर बसून त्याला कळेना. कपाळ फिकं, केस गडद, ओठ मधले. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड कुठून येतो आणि सावली कुठे संपते हे त्याला आजही हाताने काढून दाखवता आलं असतं. लग्नाच्या दिवशी केंद्रावरचाच फोटोग्राफर आला होता. ती पायऱ्यांवर उभी राहिली आणि ह्याच्या सवयीच्या डोळ्यांना दिसलं की कोट मागच्या दगडी भिंतीत विरघळतोय. "एक पायरी खाली उतर. आणि दारासमोर ये, भिंतीत मिसळतेयस," तो म्हणाला. ती उतरली, दारासमोर आली, आणि हळूच म्हणाली, "अहो भिंतवाले, आज तरी डोळे उघडून बघा." त्याने बघितलं होतं का? फोटोत तर त्याचे डोळे बारीक होते. पण फोटो म्हणजे एकच क्षण. त्याच्या आधी, त्याच्या नंतर, पायऱ्या उतरताना, एकदा तरी बघितलं असेलच की. असेलच, असं तो स्वतःला सांगत राहिला, आणि हे सांगणं त्याचं त्यालाच पटेना.

पुढे रंग आले. केंद्रावर नवे कॅमेरे आले आणि वस्ताद निवृत्त झाले. ह्याच्या तोंडचं पाणी पळालं. पहिला रंगीत शनिवार त्याने जिवाचं रान करून उभा केला, आणि ती शेजाऱ्यांच्या रंगीत टीव्हीवर तो बघून आली ती कपाळ चोळतच. "डोळे दुखले हो. औषधाच्या दुकानासारखं दिसत होतं." तो जेवला नाही. ती त्याच्यासमोर बसली, त्याची रेखाटनं ओढून घेतली आणि पेन्सिलीने एकेका भिंतीवर टिचकी मारत गेली. "हा निळा नको. जरा जास्तच शहाणपणा करतोय. हा पिवळा आजारी आहे, याला घरी पाठवा. आणि इथे विटकरी टाका, बघा सगळे कसे गप्प बसतात." त्याने टाकला, आणि सगळे गप्प बसले. तेव्हापासून दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शनिवारचा कार्यक्रम रंगायचा. उजेड-सावली त्याची, रंग तिचे. त्याच्या रंगांच्या जाणिवेची वाहवा झाली, एक ढालसुद्धा मिळाली. ती त्याने घरी येऊन तिच्या शिवणयंत्रावर ठेवली, आणि तिने खळखळून हसून ढालीचा उपयोग कापड बेतायचे कागद उडू नयेत म्हणून वजनासारखा केला, तो कायमचाच. रविवारी भिंती मोडायच्या, फळ्या सोलायच्या, पुन्हा ठोकायच्या. चित्रफिती पुसून त्यांच्यावर नवे कार्यक्रम भरायचे. आपण केलेलं काही म्हणता काही शिल्लक राहत नाही, असं तो कधी वैतागून म्हणाला तर ती म्हणायची, "मी आहे ना, मला सगळं आठवतं." आणि तिला खरंच आठवायचं, कोणत्या गायिकेच्या मागे कोणता जांभळा होता इथपर्यंत. मग कार्यक्रम बंद झाला, तो निवृत्त झाला, आणि सगळं आठवणारं माणूस एका हिवाळ्यात आजाराचं निमित्त होऊन निघून गेलं. त्याच्या भिंती त्या दिवशी खऱ्या अर्थाने पडल्या.

मुलीला फोन केला तर ती कामात होती. "कोट? बाबा, मी जन्मलेसुद्धा नव्हते. तो कोट म्हणे तुमच्या त्या विनोदी नटाने जाड्या बाईच्या सोंगासाठी नेला आणि पाठीत उसवला ना? आईच सांगायची. रंग नाही सांगितला तिने कधी." मग ती म्हणाली, "कोणताही चालेल हो बाबा. कुणाला कळणार आहे?" "मला," तो म्हणाला. लहानपणी बापाच्या आवाजातला हा सूर ऐकला की ती पाटी-पेन्सिल आवरून बसायची. "मावशीला विचारा," ती हळू आवाजात म्हणाली. "जाल ना? इतक्या दिवसांनी गेलात तर बोलणी खाल, पण जा."

मावशी म्हणजे बायकोची थोरली बहीण. तिला सगळेच ताई म्हणायचे आणि सगळेच तिला वचकून असायचे. बस दोनदा बदलून तो तिच्या दारात पोचला तेव्हा धाप लागली होती. ताईंनी दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भाऊजी! वाट चुकलात की काय?"

"ताई, एक विचारायचं होतं."

"आधी टेका. पाणी प्या. तोंड बघा कसं उतरलंय. पोरीचं बरं आहे ना?"

"बरं आहे सगळ्यांचं. ताई, आमच्या लग्नात तिने कोट घातला होता, लांब. त्याचा रंग..."

"त्या कोटाचं नाव काढू नका माझ्यासमोर!" ताई भडकल्याच. ऐंशी उलटलेल्या बाईच्या अंगात इतका राग इतकी वर्षं ताजा राहू शकतो याचं त्याला आश्चर्य वाटलं. "रंग म्हणे! विचारायला आलात ते चांगलं केलंत. बायको गेल्यावर सुचलं."

"मला आठवत नाही, ताई." आणि मग ज्या गोष्टी तो मुलीला सांगू शकला नव्हता त्या त्याने या तिखट म्हातारीला सांगून टाकल्या, कारण तिच्यापुढे लाज वाटायचं वय दोघांचंही उलटलं होतं. "मला तो राखाडी आठवतो. पण माझ्या आठवण्याला काही अर्थ नाही. मला त्या काळातलं सगळंच राखाडी आठवतं. मी तिला नीट बघितलंच नाही असं वाटतं. सकाळपासून नुसता जीव जातोय."

ताई समोरच्या खुर्चीत बसल्या, सावकाश, गुडघ्यांवर हात टेकून.

"राखाडीच होता मेला," त्या म्हणाल्या.

त्याला आधी कळलंच नाही. "म्हणजे फोटोत..."

"फोटोत नाही हो, खराखुरा राखाडी! मी तिच्यासाठी कापड आणलं होतं. डाळिंबी. लोकरीचं, इतकं मऊ की हात सोडवत नव्हता. माझ्या पगारातून आणलं होतं, आणि ही बया गेली आणि दुकानात बदलून आली. राखाडी! मी म्हटलं, अगं, लग्न करायला चाललीस की त्या कचेरीत कारकून म्हणून लागायला? तर मला म्हणते कशी..." ताई थांबल्या. आवाजातला राग कुठेतरी वाटेत सांडला होता. "म्हणते, ताई, ते अर्धे डोळे मिटून बघतात. डाळिंबी घातलं तरी त्यांना राखाडीच दिसणार, मग त्यांना दिसेल ती मी नव्हेच. राखाडी घातलं तर निदान त्या दिवशी तरी मी जशी आहे तशी त्यांना दिसेन."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"मला कधी बोलली नाही," तो म्हणाला.

"बोलायची कशाला? तुम्ही ओळखायचं होतं. पहिली काही वर्षं मला भेटली की हसायची, 'अजून ओळखलं नाही गं त्यांनी.' पुढे संसार वाढला, विषय निघेनासा झाला."

ओळखलं होतं गं, त्याच्या मनात आलं. भिंत मधली राखाडी आणि तू मधली राखाडी, म्हणून तर तुला एक पायरी खाली ये म्हटलं. मी बघितलं होतं. जे होतं तेच बघितलं होतं आणि इतकी वर्षं जसंच्या तसं ठेवलं होतं, फक्त आपल्याच डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. हे त्याला आत्ता, या क्षणी, तिला सांगायचं होतं. ताईंना नाही, मुलीला नाही. स्वयंपाकघराच्या टेबलापलीकडे बसलेल्या तिला, पेन्सिल हातात धरून मान वर करेल तेव्हा. ती गेल्यापासूनच्या या तीन हिवाळ्यांत त्याला ती अशी कडकडून हवी वाटली नव्हती.

ताईंनी पदर नाकाला लावला. "आणि वर त्या दिवशी सकाळी मी तिला वाट्टेल ते बोलले. भांडलो आम्ही. लग्नाच्या दिवशी! दोघी रडलो. ती तशीच निघाली, तोंडसुद्धा धुतलं नाही, आणि तशीच लालबुंद नाक घेऊन फोटोला उभी राहिली. आणि हे विचारतात कोटाचा रंग."

तो उठून उभा राहिला. "काय म्हणालात?"

"नाक हो. रडली की आमच्या घरात सगळ्यांचंच होतं."

थंडीने झालंय असं वाटलं होतं त्याला. हो, वाटलं होतं! पायऱ्या उतरताना तिने त्याचा हात धरला होता, त्याने वळून बघितलं होतं, पूर्ण उघड्या डोळ्यांनी, अगदी जवळून, आणि म्हणाला होता, "गारठलीस का गं?" आणि ती हसली होती. राखाडी दगड, राखाडी आभाळ, राखाडी कोट, आणि मधोमध तेवढंच एक. त्याने दुकानाचा नंबर सांगितला आणि ताईंनीच आपल्या फोनवर आकडे दाबून दिले.

"कोट राखाडीच ठेवा," तो म्हणाला.

"अहो काका, मग मी रंगवू काय? दार तपकिरी करतो, पायऱ्या जरा..."

"दार, पायऱ्या, काही नको. तिचं नाक रंगवा. लाल."

"नवरीचं नाक लाल? काका, तुमची मुलगी दुकान बंद पाडेल माझं."

"तिला मी सांगतो काय ते. तुम्ही फक्त थांबा. कोणता लाल ते असं फोनवर सांगता यायचं नाही, मी शेजारी बसून दाखवतो," तो म्हणाला, आणि रिसीव्हर न ठेवताच बूट शोधू लागला.